शेवटच्या वाटेचे वतनदार

धाराशिव जिल्ह्याच्या परांडा तालुक्यात सोनारी नावाचे गाव आहे. काळभैरवनाथाचे ठाणे म्हणून त्याची ख्याती दूरवरच्या मुलखात पोहोचलेली आहे. कित्येक कुळांचे हे कुलदैवत असून देवळाच्या परिसरातील वानरांच्या गोष्टी यात्रेकरू घरी परतल्यावरही सांगत बसतात. भैरव हे श्मशानवासी शिवाचे रूप, काशीक्षेत्राचा कोतवाल. श्वान हे त्याचे वाहन आणि मसणवटा हे त्याचे राज्य. तेव्हा मेलेल्या माणसाची शेवटची सेवा आपल्या देशात पिढ्यान्‌पिढ्या कोणी केली, त्याचा मोबदला त्यांना काय मिळाला, आणि ती सेवा त्यांनी पुढे का टाकून दिली, हा इतिहास सांगताना सोनारीचे नाव आधी घेणे गैर होणार नाही.

पश्चिमेकडील लहान गावांत या कामासाठी एखाद्या घराण्याचे स्वतंत्र दुकान असते. बापाने काढलेले, मुलाने वाढविलेले, नातवाने मोटार घेऊन सजविलेले. त्याचे मूळ पाहू गेल्यास ते सुताराच्या मेटावर सापडते. गावचा सुतार खुर्च्या, पलंग करी, आणि कोणी मेले की त्याच मापपट्टीने पेटीही करी. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झाले. रणांगणावर पडलेल्या शिपायांची प्रेते शेकडो मैल दूर घरी पोहोचवावयाची, म्हणून ती औषधे भरून टिकविण्याची विद्या तेथे फैलावली. १८६५ साली अध्यक्ष लिंकन यांचा देह आगगाडीने वॉशिंग्टनहून स्प्रिंगफील्डला नेण्यात आला. वाटेतील शहरांतून लाखो लोकांनी तो पाहिला आणि ही विद्या घरोघर ठाऊक झाली. पुढे सुताराचा धंदा मागे पडून प्रेतसंस्काराचाच धंदा उरला, आणि आज तिकडे पिढीजाद चालत आलेली अशी घराणी गावोगाव आढळतात.

महाराष्ट्रात असे दुकान कधी निघाले नाही. उन्हाळ्यात चार प्रहरही प्रेत ठेवता येत नाही असा हा मुलूख. पेटी करावयास सवड कोठून असणार? शिवाय दहनाला पेटी लागत नाही. पण याचा अर्थ काम घराण्यांकडे नव्हते असा मात्र नाही. ते घराण्यांकडेच होते. फक्त ते एका घराण्याकडे नसून बारा घराण्यांत वाटलेले होते.

त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गांव-गाडा’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. बलुतेदारांच्या हक्कांचे व कामांचे इतके बारीक वर्णन मराठीत दुसरे क्वचितच असेल. बलुत्यांची यादी प्रांतोप्रांती थोडी बदलते; परंतु एका मृत्यूला किती हात लागत ते पाहिले म्हणजे गावगाड्याची रचना जशी उघडी पडते तशी ती लग्नकार्यातही पडत नाही. कुंभाराने मडकी द्यावयाची. एक विस्तवाचे, एक पाण्याचे. तिरडी बांधावयास बांबू कोणाच्या तरी रानातून येत. त्यावर आवळावयाचा सुंभ मांगाच्या घरचा. हलगीही त्याचीच. गुरवाने बेल आणि पत्रावळी पुरवावयाच्या. परटाने सुतकाच्या घरातील वस्त्रे न्यावयाची. दहाव्या दिवशी न्हाव्याने क्षौर करावयाचे. तेराव्याच्या दानात जोडा असे, तो चांभाराने शिवलेला. मंत्र सांगावयास जोशी. मात्र प्रत्यक्ष प्रेतसंस्काराचे मंत्र सांगणारा ब्राह्मण पुष्कळ ठिकाणी वेगळा असे, त्याला कारटा म्हणत. तो सकाळी समोर आला तर अपशकुन मानीत, आणि मृत्यू झाला की त्याच्याच घरी माणूस धाडीत. मेलेल्याची सेवा करणारा मनुष्य लागतो सर्वांना, पण हवासा कोणालाच वाटत नाही. ही रीत एका कारट्यापुरती नव्हती.

या सर्वांत जड वाटा महाराच्या घराकडे होता. सरणासाठी लाकूड जमवून आणावयाचे ते त्याने. धाराशिवाकडील माळरानात झाड दृष्टीस पडणे कठीण. एका प्रेताला साधारण ३०० ते ४०० किलो लाकूड लागते. ते उन्हातान्हात फोडून गोळा करणे म्हणजे काय ते ज्याने केले त्यालाच ठाऊक. लाकूड अपुरे पडले की गोवऱ्या. आणि त्याहून मोठे काम सांगाव्याचे. मराठवाड्यात अंत्ययात्रेस जाण्याला ‘मातीला जाणे’ म्हणतात. मातीला येणाऱ्या सोयऱ्यांना बातमी कळावी कशी? तारायंत्र तालुक्याच्या गावी, टपाल आठवड्याने. तेव्हा रात्री बारा वाजता पाटलाच्या घरी कोणी गेले की महाराने घोंगडी खांद्यावर टाकून, हातात काठी घेऊन, पंधरा-वीस मैल तुडवीत जावयाचे. गावाच्या वेशीशी उभे राहून ‘अमक्या घरचे अमके गेले’ एवढे सांगावयाचे, कोणी भाकर दिली तर घ्यावयाची, आणि पुढच्या गावाची वाट धरावयाची. पाऊस असो, सीनेला पूर असो, स्वतःच्या घरी कोणी अंथरुणाला खिळलेले असो. सांगाव्याला नाही म्हणण्याची सोय नव्हती.

याबद्दल त्याला काय मिळे? सुगीला खळ्यावरून धान्याचा वाटा, वतनाच्या जमिनीचा तुकडा, वर्षभर भाकरतुकडा, आणि प्रेतावरचे कापड. आपल्या भाषेत ‘मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाणे’ असा एक तिखट वाक्प्रचार आहे. तो हावऱ्या माणसाला उद्देशून वापरतात. पण मढ्यावरचे वस्त्र हेच ज्याचे वेतन गावाने ठरवून दिले, त्याला हावरा कोण म्हणणार?

गावगाड्याची थोरवी गाणारे लोक एक गोष्ट खरी सांगतात. गरीब विधवेच्या दारी त्या दिवशी कोणी हिशेबाचा कागद घेऊन येत नसे. तिचा नवरा बेवारस पडून राहत नसे. शेजारच्या घरून कडू घास येई, सोयरे दुखवटा आणीत, आणि सर्व काही उधारीवाचून पार पडे. हे खरेच. परंतु त्या दिवशीचा खर्च कोणी तरी सोशीतच होते; फक्त त्याची नोंद कोणाच्या वहीत होत नव्हती.

गावाच्या बलुत्यांबाहेरचे असे एक घराणे मराठवाड्यात फिरत असे, ते मसणजोग्यांचे. घरी तेलुगु बोलणारी ही भटकी जमात. तेलुगु नावही तेच सांगते: सुडगाडुसिद्ध, म्हणजे मसणवट्यातला सिद्ध. शंकराने आपल्याला मसणवट्याचा अधिकार दिला अशी त्यांची परंपरा सांगते. घंटा आणि शंख वाजवीत ते गावात शिरत आणि मसणातील हक्काचे म्हणून पैसा, धान्य, वस्त्र मागत. एकेका कुटुंबाला गावे वाटून दिलेली असत. लहान मुले त्यांना भीत. थोरही त्यांना रिकाम्या हाताने परत पाठवीत नसत, कारण मसणातला शाप कोण घेणार? महाराष्ट्र शासनाच्या भटक्या जमातींच्या यादीत हे नाव आजही आहे. वतनाची जमीन नाही, गावात घर नाही, आणि मिळकत काय ती दुसऱ्याच्या मृत्यूची. पिढीजाद धंदा म्हणावा तर याच्याइतका निराधार धंदा दुसरा सापडणे कठीण.

हिंदूंपुरतीच ही गोष्ट नाही. परांडा, धाराशिव, उमरगा या भागांत लिंगायत वस्ती दाट आहे. त्यांच्यात दहन नाही. मृताला बसवून, विभूती लावून, बेल वाहून समाधी देतात, आणि तेथे जंगमाचे घराणे मानाचे. मुसलमानांत गुस्ल, कफन, जनाजा हे मशिदीच्या आधाराने होई आणि कबरस्तानचा तकिया पिढीजाद फकिराकडे असे. गावोगावी बलुत्यांत मुलाणीही होताच. जात वा धर्म कोणताही असो, शेवटच्या वाटेवर वंशपरंपरा उभी होती.

ही सारी वतनदार मंडळी आसपास नसली तर मराठी माणसाचे काय होते, याचा एक विलक्षण दाखला इतिहासात आहे. कोल्हापूरचे छत्रपती दुसरे राजाराम महाराज १८७० साली विलायतेस गेले. परतताना इटलीतील फ्लॉरेन्स शहरी त्यांची प्रकृती बिघडली आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी, अवघ्या विशीत, त्यांचा अंत झाला. बरोबर मोजके लोक. तेथे ना महार, ना कुंभार, ना कारटा. त्या शहरात प्रेत जाळण्याची रीतच नव्हती. सर्वांना पुरावयाचे एवढेच ठाऊक. बरोबरच्या मंडळींनी आग्रह धरला, नगरपालिकेने खास परवानगी दिली, आणि शहराबाहेर आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर रात्रीच्या वेळी चिता रचली गेली. कोल्हापुरात पंचगंगेचा घाट, येथे आर्नोचा काठ. संगम मात्र साधला. १८७४ साली त्या जागी छत्रीखाली त्यांचा अर्धपुतळा बसविण्यात आला. पुढे १९७८ साली जवळच मोठा पूल झाला, त्याला फ्लॉरेन्सचे लोक ‘भारतीयाचा पूल’ या अर्थाच्या नावाने ओळखतात. इंग्लंडात वोकिंग येथे कायदेशीर दहन सुरू झाले ते १८८५ साली, म्हणजे या प्रसंगानंतर पंधरा वर्षांनी. छत्रपतींच्या चितेला जे हात लागले ते वतनाचे नव्हते, सोबत्यांचे होते. शास्त्रार्थ पाहणाऱ्यांनी काही म्हटले असो, काम झाले.

मायभूमीवर मात्र वतनाचे हात सुटणे इतके सोपे नव्हते. महात्मा जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला आणि भटजीवाचून विधी करावेत असे सांगितले. सांगणे सोपे होते. गावजोशी कोर्टात जाई. बोलावले नाही, मंत्र म्हटला नाही, तरी वतनदार म्हणून दक्षिणेचा हक्क माझाच, असे त्याचे म्हणणे, आणि न्यायालये ते पुष्कळदा मान्यही करीत. जुन्नर तालुक्यातील ओतूर गावचा असा खटला त्या काळी गाजला. जोतीरावांचे निधन २८ नोव्हेंबर १८९० रोजी झाले. आपला देह मिठात पुरावा अशी त्यांची इच्छा होती. पण वस्तीच्या जागी पुरण्यास परवानगी मिळाली नाही, तेव्हा दहन करावे लागले. दत्तक पुत्र यशवंत याच्या हक्कावरून भाऊबंदांनी तंटा उभा केला. त्या वेळी सावित्रीबाई पुढे झाल्या, टिटवे स्वतः हाती घेऊन प्रेतयात्रेच्या अग्रभागी चालल्या आणि त्यांनीच अग्नी दिला. बाईने मसणात पाऊल टाकू नये असे मानणाऱ्या काळात ही गोष्ट घडली. त्याच सावित्रीबाई सात वर्षांनी, १८९७ च्या प्लेगात, रोग्यांची शुश्रूषा करता करता गेल्या.

प्लेगाने आणि पुढे १९१८ च्या मानमोडीने वतनी व्यवस्थेची खरी परीक्षा घेतली. मानमोडीत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे दगावली असे मानतात. घरात चार प्रेते पडली म्हणजे खांदेकरी कोठून मिळणार? लाकूड कोण फोडणार? सांगावा घेऊन जाणाराच आजारी पडला तर सांगावा कोण नेणार? नद्यांच्या काठी अर्धवट जळालेली प्रेते पडून राहिल्याच्या हकीकती त्या सालच्या आहेत. शांततेच्या दिवसांसाठी बांधलेली घडी संकटाच्या दिवसांत विस्कटली.

जोश्याच्या सक्तीच्या हक्काला मुंबई इलाख्यात कायद्याने आळा बसला तो १९२६ साली. रावबहादुर सीताराम केशव बोले यांनी या प्रश्नाचा पाठपुरावा केला होता. ज्याला बोलावले नाही त्या पुरोहिताने दक्षिणा मागू नये, एवढी साधी गोष्ट. तीही कायद्याने सांगावी लागली. महाराच्या वतनाचा प्रश्न याहून अवघड होता, कारण तेथे हक्क नको होता, कामातून सुटका हवी होती. १८७४ च्या वतन कायद्याने महाराला सरकारी चाकर ठरविले होते. पण चाकरीला वेळ नाही, पगार नाही, आणि बाप घरी नसेल तर कुटुंबातील दुसऱ्या माणसाने कामावर जावे अशी स्थिती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. कामे ठरवून द्यावीत, ज्याला वतन सोडावयाचे आहे त्याला जमीन ठेवून सोडता यावे, हा त्याचा गाभा. विधेयकाची धार चिकित्सा समितीत बोथट झाली आणि १९२९ साली ते मागे घेण्यात आले. मेलेली जनावरे ओढणे, सांगावे नेणे, मढ्यावरचे कापड घेणे ही कामे सोडा, असे बाबासाहेब सभांतून सांगत होते. गावोगाव त्याचे पडसाद उमटले. काम सोडले म्हणून कित्येक ठिकाणी बलुते बंद झाले, वाटा अडविल्या गेल्या. अपमानाची भाकर टाकून द्यावयाची तर दुसरी भाकर कोठे आहे, हा प्रश्न प्रत्येक घरापुढे उभा होता.

सोनारीच्या बाजूला हे आणखी बिकट. परांडा व करमाळा यांच्यामधून सीना वाहते. पलीकडे करमाळा, सोलापूर जिल्हा, इंग्रजी अंमल. अलीकडे परांडा, निजामाचे राज्य, ज्याला लोक मोगलाई म्हणत. १८५३ ते १८६० या थोड्या काळात नळदुर्गचा मुलूख इंग्रजांच्या हाती होता आणि ‘ठगाची जबानी’ लिहिणारे मेडोज टेलर तेथे अधिकारी होते. पण १८६० साली तो पुन्हा निजामाकडे गेला. त्यामुळे मुंबईच्या कायदेमंडळात १९२६ साली जे मिळाले ते सीना ओलांडून आले नाही. दोन्ही काठांवर एकच भाषा, एकच सोयरीक, एकाच रीतीची माती. फक्त मसणातली सक्ती एका काठावर कायद्याच्या वादात सापडलेली आणि दुसऱ्या काठावर निर्धोक.

या पार्श्वभूमीवर आज धाराशिव जिल्ह्यात असलेल्या कसबे तडवळे येथे फेब्रुवारी १९४१ मध्ये महार-मांग वतनदारांची परिषद भरली, आणि तिला स्वतः बाबासाहेब उपस्थित राहिले, ही गोष्ट जितकी सांगितली जावयास हवी तितकी सांगितली जात नाही. परिषदेचे नावच पाहावे. सुंभ वळणारा आणि सांगावा नेणारा, दोघे ‘वतनदार’ म्हणून एका मांडवात बसले. एरवी वतनदार म्हटले की देशमुख, पाटील, कुलकर्णी डोळ्यांपुढे येतात. त्यांच्या वतनाला वाडा असे, यांच्या वतनाला मसणवटा.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी संपली. हैदराबाद राज्यात इनामे रद्द करणारा कायदा १९५४-५५ साली झाला. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला. मुंबई राज्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करण्याचा कायदा १९५८ साली केला, तो १ ऑगस्ट १९५९ पासून अमलात आला. त्याच सुमारास, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात झालेल्या धम्मदीक्षेनंतर, हजारो घरांनी जुनी कामे कायद्याची वाट न पाहता टाकून दिली होती. महाराने जावयाच्या वाटेने आता तार जाऊ लागली, मग दूरध्वनी, आणि आज मृत्यूची वार्ता घटकाभरात पुण्या-मुंबईच्या सोयऱ्यांच्या खिशात वाजते.

सांगाव्याची वाट अशी सुटली. मसणवट्याच्या जागेचा तंटा मात्र मिटला नाही. बाबा आढाव यांनी १९७२ साली ‘एक गाव, एक पाणवठा’ ही चळवळ सुरू केली, तेव्हा जिवंतांच्या पाण्याबद्दल बोलणे निघाले. मेलेल्यांच्या जागेबद्दलचे बोलणे त्याहून मागे पडले. अजूनही पुष्कळ गावांत जातवार स्मशाने आहेत. एकाला पत्र्याची शेड आणि डांबरी रस्ता, दुसऱ्याला ओढ्याच्या कडेची उघडी जागा. पावसाळ्यात चितेवर ताडपत्री धरून उभे राहणारे लोक कोणत्या वस्तीतले असतात, हे विचारावयाची गरज पडत नाही.

शहरांत काम नगरपालिकांकडे गेले. पुण्याचे वैकुंठ, मुंबईची चंदनवाडी येथे विद्युतदाहिनीची सोय झाली. २०२० आणि २०२१ च्या करोनात रक्ताची माणसे दाराबाहेर थांबली आणि पालिकेच्या कामगारांनी अनोळखी प्रेतांना अग्नी दिला. त्या कामगारांत जुन्या बलुतेदारांची नातवंडे किती होती याचा शोध कोणी घेतल्यास तो वाचण्यासारखा होईल. पगार आला, पावती आली. झाडू व चिता यांच्याभोवतीची जात मात्र पुष्कळशी तशीच राहिली.

आणि तालुक्याच्या बाजारपेठांत, बहुधा सरकारी दवाखान्याच्या वाटेवर, आता एक नवे दुकान दिसते: ‘अंत्यविधीचे साहित्य मिळेल’. कुंभाराचे मडके, मांगाचा सुंभ, गुरवाची पत्रावळ, बुरुडाचा बांबू, पांढरे कापड, गुलाल, अबीर, तुळशीमाळ, कापूर, तूप असे सारे एका गाठोड्यात बांधलेले असते. बारा घरांचे काम एका घरात आले. पश्चिमेकडे सुताराच्या मेटावर जे झाले ते येथे शंभर-दीडशे वर्षांनी किराण्याच्या फळीवर झाले. पुष्कळदा दुकानदाराचे घर वरच्या मजल्यावर असते, कारण गिऱ्हाईक रात्री दोनलाही येते. कोणी भाव करीत नाही. मराठी घरातून निघताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणण्याची रीत आहे. प्रेतघरातून निघताना तेवढी ती मोडतात. या दुकानातही तसेच चालते. दुकानदार गाठोडे पुढे सरकवितो, पैसे घेतो, आणि एरवी प्रत्येक गिऱ्हाइकाला म्हणावयाचे ‘या’ तेवढे म्हणत नाही.